संत्रा लिक्युअरमधलं मिथेनॉल: रंगमापनात ३१०, जीसीवर ९४. कोणता आकडा धरायचा?

प्रयोगवही

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी संत्र्याची साल स्पिरिटमध्ये मुरवून केलेल्या गोड लिक्युअरचे नमुने आहेत, परवानाधारक उत्पादकाकडून आलेले. लेबलवर अल्कोहोल ३० टक्के, साखर लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम, रंग गडद नारिंगी. मिथेनॉल दोन पद्धतींनी काढलं:

१. क्रोमोट्रॉपिक आम्ल (रंगमापन), ५७५ नॅनोमीटर: ३१०
२. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी), एफआयडी म्हणजे ज्योतीचा डिटेक्टर, ६२४ जातीचा कॉलम (३० मीटर, ०.५३ मिमी), अंतर्गत मानक (तुलनेसाठी नमुन्यात ठरावीक घातलेला पदार्थ) एन-ब्युटेनॉल: ९४

दोन्ही आकडे १०० लिटर निव्वळ अल्कोहोलमागे ग्रॅममध्ये. नमुना दोन्हीकडे नुसता पाण्यानं विरळ करून घेतला, बाकी काही प्रक्रिया नाही. गाइड म्हणतात जीसीचाच आकडा लिही. पण व्हायवाला "का?" विचारलं तर उत्तर काय द्यायचं?

---

बर्डीकर_केमिस्ट

सध्या दोन्ही लिहू नका. गोड, रंगीत पेय थेट घेतलंत तिथेच गाडी रुळावरून उतरली. आधी ऊर्ध्वपातन, मग बाकी सगळं.

नेहमीची रीत अशी: २०० मिली नमुना, ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये २५ मिली पाणी आणि प्युमिस दगडाचे दोन-चार तुकडे. साधारण ३५ मिनिटांत उरकेल एवढीच आच. २०० मिलीच्याच व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेच्या थोडं खालपर्यंत गोळा करायचं, नमुना मोजला होता त्या तापमानाला आणायचं आणि मग खुणेपर्यंत पाणी.

व्हिस्की-रमला हे चालतं. तुमच्या लिक्युअरला तसंच केलंत तर शेवटी फ्लास्कमध्ये ३० मिली पाण्यात ५० ग्रॅम साखर उरते. ती बुडाला लागते, करपते, फरफ्युरल वगैरे डिस्टिलेटमध्ये (गोळा केलेल्या द्रवात) येतं. म्हणून १०० मिली नमुना + १०० मिली पाणी घ्या, ९५ ते ९८ मिली गोळा करा, १०० पर्यंत भरा. निम्मं द्रव येईपर्यंत मिथेनॉल-इथेनॉल जवळपास सगळं आलेलं असतं, आणि साखरेला बुडायला पाणी शिल्लक राहतं.

दोन गोष्टी नागपूरच्या हवेच्या. कंडेन्सरला गच्चीवरच्या टाकीचं पाणी लावून राहिले असाल तर एप्रिल-मेमध्ये ते पाणी ४० अंशांच्या आसपास असतं. त्या पाण्यानं इथेनॉलची वाफ पूर्ण थंड होत नाही, मिथेनॉल तर ६४.७ अंशांवर उकळतं, तेही निसटतं. बादलीत बर्फ आणि कूलरचा छोटा पंप टाकून पाणी फिरवा. पंप डुबला आहे ना हे बघत राहा, नाहीतर जळतो. दुसरं, गोळा करायचा फ्लास्क बर्फात ठेवा आणि ॲडाप्टरची नळी आतल्या पाच मिली पाण्यात बुडलेली असू द्या. आच कमी करताना मात्र नळी आधी वर उचला, नाहीतर पाणी उलटं चढतं.

---

तर्रीपोहा

भाऊ, एवढा खटाटोप काहून? चमच्यात घ्या, काडी लावा. निळी ज्योत आली की माल चांगला, लाल-पिवळी आली की गडबड. आमच्याकडे सगळे असंच पाहतात. आणि पहिली धार फेकून दिली की विष तिच्यासोबतच जाते म्हणतात.

---

मोहफूल

तर्रीपोहा भाऊ, हेच दोन समज माणसं मारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्योत: मिथेनॉल आणि इथेनॉल दोन्ही निळसरच जळतात. मिथेनॉलची ज्योत तर उन्हात दिसतसुद्धा नाही. पिवळेपणा येतो तो कार्बनच्या कणांनी किंवा सोडियमनं; चिमूटभर मीठ पडलं तरी ज्योत पिवळी होते. म्हणजे निळ्या ज्योतीवरून काहीच कळत नाही.

हायड्रोमीटर: तोही आंधळा. २० अंशांना इथेनॉलची घनता ०.७८९, मिथेनॉलची ०.७९२. निम्मं मिथेनॉल ओतलं तरी काटा "अल्कोहोल आहे" एवढंच सांगेल. वास आणि चवीनंही फरक कळत नाही.

पहिली धार: सुरुवातीला येतं ते मुख्यतः ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट. तिचा तो झणका त्यांचाच. मिथेनॉलचा उत्कलनबिंदू कमी आहे म्हणून ते आधी सगळं निघून जाईल असं वाटतं, पण भट्टीत शुद्ध मिथेनॉल नसतं, भरपूर पाण्यात विरघळलेलं असतं. पाणी जास्त असलं की मिथेनॉल आणि इथेनॉल जवळपास सारख्याच ओढीनं वाफेत जातात. त्यामुळे साध्या भट्टीत ते धारेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत पसरलेलं राहतं. पहिली धार फेकून झणका कमी होतो, मिथेनॉल फारसं नाही.

आणि आंबवण्यातून तयार होणारं मिथेनॉल मुळात थोडं असतं. फळांतल्या पेक्टिनमधून सुटतं तेवढंच. मोठ्या दुर्घटना होतात त्या कारखान्यातलं मिथेनॉल दारू म्हणून विकल्यानं किंवा तिच्यात मिसळल्यानं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती तशीच. त्याला धार फेकणं हा उपायच नाही.

एक गोष्ट जाता जाता. मिथेनॉलचा त्रास लगेच दिसत नाही. यकृतात त्याचं हळूहळू फॉर्मिक आम्ल होतं, बहुधा १२ ते २४ तासांनी, सोबत इथेनॉल प्यायलं असेल तर आणखी उशिरा. धुकट दिसणं, पोटात कळ, धाप, यातलं काही दिसलं तर नमुना तपासत बसू नका, माणसाला थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या आणि "मिथेनॉलची शंका आहे" हे शब्द डॉक्टरांच्या कानावर घाला. उरलेली बाटली सोबत न्या.

---

तर्रीपोहा

बरं बाप्पा. काडीपेटी ठेवली खिशात. चालू द्या.

---

जुनीकाच

क्रोमोट्रॉपिकबद्दल मी लिहितो. ३१० कुठून आले ते बहुतेक इथेच सापडेल.

पद्धत आधी स्वच्छ मांडतो, कारण पायऱ्यांतला थोडा बदलही आकडा हलवतो. डिस्टिलेट ५ ते ६ टक्के अल्कोहोलपर्यंत विरळ. ५० मिलीचा फ्लास्क बर्फात, त्यात २ मिली परमँगनेट द्रावण (१०० मिलीत ३ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि १५ मिली फॉस्फोरिक आम्ल). थंड झाल्यावर १ मिली नमुना. ३० मिनिटं बर्फातच. मग कोरडं सोडियम बायसल्फाइट चिमटी-चिमटीनं, रंग जाईपर्यंत आणि त्यापुढे दाणाही नको. ५ टक्के क्रोमोट्रॉपिक आम्लाचं १ मिली. मग १५ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल, फ्लास्क बर्फात फिरवत, अगदी सावकाश. ६० ते ७५ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं. गार करून खुणेपर्यंत पाणी, पुन्हा गार, पुन्हा खूण. ५७५ वर वाचन, ५.५ टक्के शुद्ध इथेनॉलवर हीच सगळी प्रक्रिया केलेल्या कोऱ्याच्या (मिथेनॉल नसलेल्या द्रावणाच्या) विरुद्ध.

आता तुमचं काय झालं असणार.

साखर. विरळ केल्यावरही त्या १ मिलीत सुमारे ४६ मिलिग्रॅम साखर होती. ती संहत सल्फ्युरिकमध्ये ७० अंशांना काळवंडते. तपकिरी रंग ५७५ वर शोषण दाखवतो आणि यंत्राला वाटतं जांभळा रंगच वाढला. शिवाय साखरेच्या ऑक्सिडीकरणातून फॉर्माल्डिहाइडही सुटतं, आणि या पद्धतीत आपण मिथेनॉल म्हणून मोजतो ते फॉर्माल्डिहाइडच. ग्लिसरॉलचंही तसंच. म्हणून बर्डीकरांनी सांगितलेलं ऊर्ध्वपातन या पद्धतीत टाळता येत नाही.

हे पटतं का ते पाहायला ५७५ वर एकच वाचन घेऊ नका, ४५० ते ६५० चा पूर्ण स्पेक्ट्रम काढा. खरा जांभळा रंग ५७५ ला स्वच्छ शिखर देतो. करपलेली साखर ४५० कडे चढत जाणारा उतार देते, शिखर नाही. हा एक आलेख व्हायवाला पुरेसा आहे.

परमँगनेट मध्येच संपणं. इथेनॉलही त्याला खातो, हिशोब तसा काठावरच आहे. ३० मिनिटांनी जांभळा रंग टिकलेला दिसला पाहिजे. साखरेनं तो आधीच फिका झाला असेल तर मिथेनॉलचं रूपांतर अर्धवट राहतं आणि आकडा खाली येतो.

अल्कोहोलची टक्केवारी न जुळणं. मानक (मिथेनॉल माहीत असलेलं द्रावण) ५.५ टक्के इथेनॉलमध्ये आणि नमुना ८ टक्क्यांवर असं झालं तर दोन्हींत मिथेनॉलचं रूपांतर सारखं होत नाही. मिथेनॉलपासून फॉर्माल्डिहाइड पूर्ण होतच नाही, काही अंशीच होतं. मानक आणि नमुन्यात तो अंश सारखा राहावा यावर सगळी पद्धत उभी आहे.

मानकाची उंची. पुस्तकातलं ०.०२५ टक्क्यांचं मानक निव्वळ अल्कोहोलच्या हिशेबात सुमारे ३६० ग्रॅम प्रति १०० लिटर पडतं. फळांच्या ब्रँडीला ते ठीक. तुमचा खरा आकडा शंभराच्या आसपास असेल तर त्याच्या एक-दशांश, एक-पंचमांश, दोन-पंचमांश असे खालचे बिंदूही लावा. एकाच वरच्या बिंदूवरून खाली रेघ ओढली की कोऱ्यातली सगळी घाण निकालात उतरते.

क्रोमोट्रॉपिक आम्ल जुनं, तपकिरी झालेलं असेल तर फेकून द्या. द्रावण रोजचं रोज.

आणि सल्फ्युरिक फ्यूम हूडमध्येच. १५ मिली एकदम ओतलंत तर ते आतल्या आत उकळतं आणि तोंडावर उडतं.

---

गॅसवाला

जीसीच्या ९४ वरही मी सही करणार नाही. दोन कारणं आहेत आणि ती उलट दिशेला ओढतात, म्हणून आकडा सभ्य दिसतो.

वर ओढणारं: ६२४ वर ॲसिटाल्डिहाइड आणि मिथेनॉल अगदी खेटून निघतात, आधी ॲसिटाल्डिहाइड. औषधी अल्कोहोलच्या फार्माकोपिया चाचणीत या दोघांतला विभेद (शिखरं किती वेगळी पडतात त्याचं माप) किमान १.५ असल्याशिवाय पुढे जायचंच नाही अशी अट आहे, ती याचसाठी. ०.५३ चा जाड कॉलम असेल तर हे दोघे एकाच शिखरात बसले असण्याची शक्यता मोठी. ॲसिटाल्डिहाइड वेगळं टोचून त्याची वेळ बघा.

खाली ओढणारं: एन-ब्युटेनॉल. फळांच्या पेयात ते मुळातच थोडंफार असू शकतं. नमुन्यातलं ब्युटेनॉल तुमच्या मानकात मिसळतं, मानकाचं क्षेत्रफळ फुगतं, मिथेनॉल कमी दिसतं. ४-मिथाइल-२-पेंटेनॉल किंवा ३-पेंटेनॉल घ्या. आयसोअमाइल अल्कोहोल तर अजिबात नको, ते बहुतेक दारूंत असतं.

शक्य असेल तर ०.३२ मिमी, १.८ मायक्रॉन थराचा ६२४ लावा. फार्माकोपियाची रीत: हेलियम ३५ सेंमी प्रति सेकंद, स्प्लिट २०:१, इंजेक्टर २००, डिटेक्टर २८०. ओव्हन ४० अंशांवर १२ मिनिटं, मग मिनिटाला १० अंशांनी २४० पर्यंत, तिथे १० मिनिटं.

शेवटचे २४० वेळ वाचवायला कापू नका. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन १७६ अंशांना उकळतं, ६२४ वर बरंच उशिरा निघतं. १२० वर थांबलात तर ते कॉलममध्येच बसतं आणि पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या इंजेक्शनमध्ये रुंद टेकाड होऊन उगवतं, नेमकं तुमच्या मानकाखाली.

सुरुवातीचे ४० अंश ही नागपुरात खरी अडचण. ओव्हनला बाहेरच्या हवेपेक्षा चार-पाच अंश तरी वर राहावं लागतं, त्याखाली तो उतरतच नाही. नवतपात एसी बसला आणि खोली ३८ वर गेली की यंत्र "नॉट रेडी" दाखवत बसतं आणि ऑटोसॅम्पलर सुईवर हात ठेवून उभा. थांबून थांबून काही नमुने ४० वर, काही ४२ वर सुरू झाले तर मिथेनॉलची वेळ सरकते आणि ॲसिटाल्डिहाइडची फट मिटते. उपाय: सरळ ४५ अंशांचा प्रोग्राम ठरवा, विभेद पुन्हा तपासून घ्या, मानक आणि नमुने सगळे त्यावरच. नाहीतर रात्री चालवा.

अंशांकनासाठी: १.००० ग्रॅम मिथेनॉल ४० टक्के इथेनॉलमध्ये १०० मिली करा, म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम. त्यावरून २०, ५०, १००, २००, ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. प्रत्येकात अंतर्गत मानक सारखं. इथेनॉल घेताना आधी कोरं टोचा. "शुद्ध" म्हणून आलेल्या बाटलीतही मिथेनॉलचं शिखर दिसू शकतं. दिसलं तर ते प्रत्येक बिंदूत धरावं लागेल.

अजून एक, हसू नका: ऑटोसॅम्पलरच्या धुण्याच्या बाटलीत काय आहे ते बघा. एचपीएलसीवाल्यांच्या (द्रव क्रोमॅटोग्राफी करणाऱ्यांच्या) सवयीनं तिथे मिथेनॉल भरलेलं असतं आणि मग प्रत्येक कोऱ्यात मिथेनॉल "सापडतं".

साखरेचा नमुना थेट टोचला आहेच, तर लायनर (इंजेक्टरमधली काचनळी) काढून बघा. काचलोकर तपकिरी, चिकट झाला असेल. तो बदला, सेप्टमही बदला.

---

प्रयोगवही

खूप आभार सगळ्यांचे. लायनर काढला, लोकर चहाच्या रंगाची आहे. धुण्याच्या बाटलीत पाणी-इथेनॉल निघालं, नशीब. कोरं मोकळं आहे.

एक शंका: शिखरांच्या क्षेत्रफळाची टक्केवारी सॉफ्टवेअर सरळ देतं. ती वापरू नये का?

---

गॅसवाला

नाही. एफआयडी मिथेनॉलला इथेनॉलच्या तुलनेत कमी प्रतिसाद देतो, त्यामुळे क्षेत्रफळाची टक्केवारी म्हणजे मिथेनॉलची टक्केवारी असं धरता येत नाही. अंतर्गत मानकाशी गुणोत्तर आणि अंशांकन रेषा, एवढंच.

---

हिशोबनीस

आकडेमोडीत होणारे घोटाळे सांगतो. रसायन बरोबर असून अहवाल चुकतो तो इथे.

एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) अल्कोहोलयुक्त पेयांचे नियम २०१८ चे, लागू १ एप्रिल २०१९ पासून. त्यांत मिथेनॉल १०० लिटर निव्वळ अल्कोहोलमागे ग्रॅममध्ये मांडतात. युरोपातही तेच एकक: व्होडका १०, द्राक्षाची ब्रँडी २००, फळांचं स्पिरिट १०००. वाइनला मात्र पेयाच्या लिटरमागे मिलिग्रॅम: आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेची मर्यादा लाल वाइनला ४००, पांढरी आणि गुलाबी २५०. ही दोन एककं एकाच तक्त्यात मिसळली की सगळं गोंधळतं.

तुमचे ९४ उलट फिरवून बघा: १०० लिटरमागे ९४ ग्रॅम म्हणजे निव्वळ अल्कोहोलच्या लिटरमागे ९४० मिलिग्रॅम. त्याला ०.३० नं गुणा: बाटलीतल्या लिटरमागे २८२ मिलिग्रॅम. ०.७९२ नं भागा: ०.३५६ मिली, म्हणजे आकारमानानं ०.०३६ टक्के. चारही आकडे एकाच गोष्टीचे. अहवालात एककाशिवाय "९४" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

भागाकारातला अल्कोहोलचा आकडा लेबलवरून घेऊ नका. २८२ ला ०.३० ऐवजी ०.२८५ नं भागलं तर ९४ चे ९९ होतात. अल्कोहोल त्याच डिस्टिलेटवर पिक्नोमीटरनं (घनता काढायच्या छोट्या बाटलीनं) काढा. गोड पेयात हायड्रोमीटर थेट बुडवला तर साखर घनता वाढवते आणि अल्कोहोल फारच कमी दाखवतं. तुमच्या लिक्युअरची घनता पाण्याहून जास्तच असेल.

तापमान. अल्कोहोलची टक्केवारी २० अंशांच्या हिशेबानं मांडतात. आपल्याकडच्या बऱ्याच काचेवर २७ अंश छापलेलं असतं, आणि खोली असते ४०. शुद्ध इथेनॉल दर अंशाला सुमारे ०.११ टक्का फुगतो. २० ते ४० म्हणजे दोन टक्क्यांच्या वर. सगळी मोजणी एका पाण्याच्या बाथमध्ये एका तापमानाला केली तर हा प्रश्न उरत नाही. नमुना सकाळी २८ ला मोजला आणि डिस्टिलेट दुपारी ४० ला खुणेपर्यंत भरला, असं करू नका.

---

जुनीकाच

हिशोबनीसांना जोडून: पिक्नोमीटर हातात धरून बाहेर पुसायला गेलात तर हाताच्या उबेनं केशनळीतून थेंब बाहेर येतो. मानेला धरा, टिशूनं टिपा, पटकन वजन.

---

मोहफूल

लिक्युअरच्या पलीकडचं विचारतो. वर्धा आणि गडचिरोली दोन्ही दारूबंदीचे जिल्हे, तरी तिकडून जप्त केलेला मोहाचा सडवा, हातभट्टीची दारू तपासायला येतच असते. त्यात मिथेनॉलपेक्षा धातूंची जास्त चिंता वाटते. नवसागर (अमोनियम क्लोराइड) घालतात, तो तर कल्हईवाले भांडं साफ करायला वापरतात, तांब्याला खातो. शिसं आणि तांबं कसं बघता?

---

बर्डीकर_केमिस्ट

तांबं ज्वाला एएएसवर (अणूंचं प्रकाशशोषण मोजणारं यंत्र), ३२४.८ नॅनोमीटर. शिसं ज्वालेवर सहसा पुरत नाही. ग्राफाइट फर्नेस, २८३.३. पुस्तकात २१७.० जास्त संवेदनशील दिसतं, पण तिथे पार्श्वभूमीचा गोंगाटही जास्त.

नमुना थेट टोचू नका. अल्कोहोल थेंबाचा पृष्ठताण बदलतो, थेंब नळीत पसरतो, वाचनं उड्या मारतात. ५० मिली पाण्याच्या बाथवर (उघड्या आचेवर कधीच नाही) जवळजवळ कोरडं करा, ५ मिली नायट्रिक आम्ल घालून पचवा, १ टक्का नायट्रिकनं २५ मिली करा. अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटसारखा मॉडिफायर वापरा, नाहीतर शिसं राख करण्याच्या पायरीतच उडून जातं, आणि नवसागर असलेल्या नमुन्यात तर क्लोराइडमुळे जास्तच. अशा नमुन्याला मानक-भर पद्धत घ्या: त्याच नमुन्यात शिसं वाढवत जाऊन रेषा काढायची.

शिशाचा खरा शत्रू प्रयोगशाळेतलीच धूळ आणि काच. रात्रभर १० टक्के नायट्रिकमध्ये बुडवलेली भांडी, आणि प्रत्येक बॅचला किमान दोन कोरे. कोरे एकमेकांशी जुळत नसतील तर नमुन्यांचा आकडा वाचूच नका. तुलनेला म्हणून: वाइनमध्ये शिशाची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१९ च्या हंगामापासून लिटरमागे ०.१० मिलिग्रॅम.

भट्टीत शिसं येतं ते बहुधा डाक लावलेल्या सांध्यातून आणि वाफ थंड करायला लावलेल्या गाडीच्या जुन्या रेडिएटरमधून. म्हणून एकाच भट्टीचे दोन नमुने वेगळे येऊ शकतात, रेडिएटरमध्ये साचून राहिलेल्या पहिल्या द्रवात शिसं जास्त.

---

गॅसवाला

मिथेनॉलवरच थांबू नका, वेळ मिळाला तर इथाइल कार्बामेटही बघा. अल्कोहोल आणि युरिया, किंवा आठळीच्या फळांच्या बियांतल्या सायनाइडपासून होणारं सायनेट, यांच्यापासून बाटलीतसुद्धा तयार होत राहतं. उष्णता आणि उजेडानं वाढतं. आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेनं ते २ए गटात (माणसात बहुधा कर्करोगकारक) ठेवलं आहे. कॅनडाची मर्यादा: वाइन ३०, ऊर्ध्वपातित मद्य १५०, फळांची ब्रँडी ४०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर.

एफआयडीवर याचा नाद करू नका, पातळी फार खाली. जीसी-एमएस (मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेली जीसी), निवडक आयन ६२ (पुष्टीला ७४ आणि ८९). ड्युटेरियमचं इथाइल कार्बामेट मानक म्हणून, त्याचा आयन ६४. डायक्लोरोमिथेननं काढायचं आणि सावकाश आटवायचं. कोरडं ठाक केलंत तर इथाइल कार्बामेटही उडतं. इथे एक युक्ती उलटी फिरते: नमुना गरम इंजेक्टरमध्ये तसाच टोचला तर युरिया आणि अल्कोहोल तिथेच मिळून नवं इथाइल कार्बामेट तयार होऊ शकतं. म्हणून निष्कर्षण.

नमुने काळ्या-तपकिरी काचेत, गळ्यापर्यंत भरून, फ्रिजमध्ये. मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवून आणलेल्या बाटलीचा आकडा कारखान्याचा धरू नका.

---

प्रयोगवही

ॲसिटाल्डिहाइडचं मानक बनवायला गेले तर बाटली उघडताच फुस्स. वजन स्थिरच होत नाही.

---

गॅसवाला

ताई, ते २०.२ अंशांना उकळतं. आपल्या खोलीत ते द्रव असणंच नवल. बाटली, पिपेट, सुई सगळं बर्फ-मिठात अर्धा तास ठेवा. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ८० मिली थंड ४० टक्के इथेनॉल आधी घ्या, झाकण लावून वजन करा, थंड सुईनं द्रवाच्या पृष्ठभागाखाली सोडा, झाकण, पुन्हा वजन. फरक तेवढं तुमचं ॲसिटाल्डिहाइड. आकारमानावर विसंबू नका. हूडमध्ये करा, आणि जवळ ज्योत नको.

---

हिशोबनीस

कोणी घरून बाटली घेऊन "आमचीही तपासा" म्हणत असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊ नका. ताब्यातली दारू महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली येते. दुकानातून रीतसर घेतलेल्या पेयाची शंका असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली ग्राहक स्वतः फी भरून विश्लेषण करून घेऊ शकतो. विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. बेकायदा मालाची शंका असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभाग.

---

प्रयोगवही

नवे आकडे. १०० + १०० मिली ऊर्ध्वपातन, बर्फाची बादली, कूलरचा पंप. अल्कोहोल पिक्नोमीटरनं २९.२. जीसी ०.३२ च्या कॉलमवर, सुरुवात ४५ अंश, ॲसिटाल्डिहाइड-मिथेनॉल विभेद १.८, अंतर्गत मानक ४-मिथाइल-२-पेंटेनॉल: १०१. लिटरमागे १०० मिलिग्रॅम मिथेनॉल वरून घातलं, ९६ परत मिळाले. क्रोमोट्रॉपिक, तीन खालच्या बिंदूंसह: ११८. शिखर आता ५७५ ला स्वच्छ आहे, पण ४५० कडे थोडा उतार राहिलाय. डिस्टिलेट किंचित दुधाळ दिसतं.

---

जुनीकाच

ते दुधाळपण सालीच्या तेलाचं. वाफेबरोबर लिमोनीन वर येतं, सल्फ्युरिकमध्ये तेही तपकिरी होतं. डिस्टिलेट मिठानं संपृक्त करा, पेट्रोलियम ईथरनं दोनदा हलवून वरचा थर काढून टाका. मिथेनॉल मिठाच्या पाण्यातच राहतं. खालचा थर पुन्हा ऊर्ध्वपातित करून मूळ आकारमानाला आणा.

त्याशिवाय एक फ्लास्क परमँगनेट न घालता चालवा, बाकी सगळं तसंच, त्याच्या जागी फक्त फॉस्फोरिक आम्ल आणि पाणी. त्यात जांभळा रंग आला तर तो आधीपासून असलेल्या फॉर्माल्डिहाइडचा, तपकिरी आला तर तेलाचा. जेवढं वाचन येईल तेवढं वजा करून मग ११८ कुठे बसतात ते बघा. पेट्रोलियम ईथर वापरताना कूलरचा पंप बंद ठेवा. त्याच्या स्विचला ठिणगी पडते.